इस्तंबूलमधलं जेवण

औरंगपुऱ्यात भाजत्या कणसांचा वास आला की मला इस्तंबूल आठवतं. कंपनीच्या कामासाठी गेलो होतो, बायको सुमनही सोबत होती. तिथला सहकारी एमरे यानं दिवसभर मशिदी, बाजार दाखवले, रस्त्यावर कणसं खाऊ घातली आणि संध्याकाळी घरी जेवायला नेलं.

सुमननं भात हातानं कालवला.

"चमच्यानं खा ना, लोकं बघायलेत!" मी खेकसलो.

भाषा कळत नसूनही एमरेच्या आईला सगळं उमगलं. तिनं चमचा खाली ठेवून हातानं घास घेतला. सुमन मात्र पुढं जेवलीच नाही.

हॉटेलवर आल्यावर माफी मागायची सोडून मी तिलाच रीतभात शिकवत बसलो.

त्यानंतर ती माझ्यासोबत कुणाकडंच जेवायला आली नाही. "तुमीच जा," एवढंच म्हणते, तेही न रागावता.