एकही पायरी नाही

प्रवासाहून आलेल्या माणसाला ‘कसा झाला प्रवास?’ असं न विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला जाऊन आलो, बॅगा अजून हातातच होत्या, आणि तळमजल्याच्या दारात उभे असलेले मोजणीकाका मला म्हणाले, “तिथल्या देवळाला पायऱ्या किती?” मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. “म्हणजे मोजल्या नाहीत,” असं म्हणून आत निघून गेले. कल्याणच्या त्या इमारतीत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. नव्या नवरीला कुणी असं विचारतं का, या धक्क्यातून सावरायला मला दोन दिवस लागले.

काका ठाण्याला मोजणी खात्यात होते. लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर जमीन सुटली तरी मोजणी सुटली नाही. दूध आणायला निघाले की ओठ हलायचे. आम्हाला वाटायचं जप चाललाय. ते पावलं मोजत असायचे. त्यांचं पाऊल सव्वादोन फुटांचं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. रिक्षावाला “जवळच आहे” म्हणाला की हे विचारायचे, “जवळ म्हणजे किती?” तो बिचारा रिक्षा सुरू करायचा. “ऐकीव लिहायचं नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “जागेवर जायचं, मोजायचं, मग तोंड उघडायचं.” कोर्टात म्हणे त्यांच्या टिपणावर कुणी वकील कधी बोट ठेवू शकला नाही. हे त्यांनीच सांगितलेलं, म्हणजे ऐकीवच; पण तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

तर या माणसाचा दुसरा उद्योग म्हणजे इमारतीतल्या लोकांच्या सहली आखून देणं. कुणी केरळला निघो, कुणी सिंगापूरला, आधी काकांच्या जेवणाच्या टेबलावर हजेरी. पाठकोऱ्या कागदांवर पट्टी लावून रेघा मारलेल्या असायच्या. कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसलं की डोंगर दिसतो, कुठल्या चौकात दुपारी सावली असते, कुठे स्वच्छतागृह आहे आणि त्याचा उंबरा किती उंच आहे, इथपर्यंत सगळं. स्वतः मात्र ते नाशिकच्या पलीकडे गेलेले नव्हते. हे कळलं तेव्हा मी चाट पडले. त्यांच्याकडे आधी जाऊन आलेल्यांची उत्तरं होती, एका जाड टिपणवहीत, उत्तर देणाऱ्याच्या नावासकट. आखणीची अट एकच: परत येताना त्यांनी सांगितलेल्या दोन-चार गोष्टी मोजून आणायच्या. लोक कुरकुरत मोजायचे. खात्याची खोड आहे, जाता जात नाही, असं आम्ही जिन्यात म्हणायचो आणि हसायचो.

काकू या सगळ्यात खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय तेव्हापासून गेलेले. चाकांची खुर्ची होती, तिच्यावरून त्या घरभर फिरायच्या, स्वयंपाक करायच्या, शाळेतल्या मुलींची शिकवणी घ्यायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. घरातून समुद्र ऐकू यायचा, पण खाली जायला नुसती पाखाडी, दगडी पायऱ्यांची. आठ वर्षांच्या होईतो वडील खांद्यावर घेऊन जायचे. मग एक दिवस काकूंनीच नको म्हणून सांगितलं. “उचलून नेतात ते सामान,” काकू म्हणायच्या. “मी सामान नाही.” त्यानंतर त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही आणि समुद्रही पाहिला नाही. हे सगळं मला माहीत होतं. मुद्दाम लिहितेय, माहीत होतं.

इटलीला जायचं आमचं ठरलं तेव्हा मी आणि माझा नवरा मिलिंद तीन संध्याकाळी त्या टेबलाशी बसलो.

“काका, सात दिवसांत सहा शहरं,” मिलिंद म्हणाला. “टूरवाले करतातच ना.”

“टूरवाले नाही करत, बस करते. तुम्ही आत झोपलेले असता.” काकांनी चार शहरांवर काट मारली. “दोन शहरं, एक डोंगर, एक समुद्र. बास.”

“आणि जेवायला वेळ ठेवलायत का त्यांना?” काकू पावटे सोलता सोलता म्हणाल्या. “यांच्या आखणीत माणसं जेवतच नाहीत गं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “देश चांगला निवडलात. शहर आहे, डोंगर आहे, समुद्र आहे. ज्याला एकदाच जायचंय ना, त्याने तिथेच जावं.”

मला वाटलं, आमच्याबद्दल बोलतायत.

समुद्रासाठी काकांनी एक लहानसं गाव काढलं होतं. कड्यावर वसलेलं, टूरवाले सहसा न थांबणारं. नेहमीची अट घालताना या वेळी त्यांनी एकच गोष्ट सांगितली. “स्टेशनपासून पाण्यापर्यंत. पावलं किती, उतार कसा, पायऱ्या किती. माझ्याकडे एवढीच जागा कोरी आहे.”

“अहो, मोबाईलवर दिसेल ना सगळं,” मिलिंद म्हणाला.

“फोटो काढणारा पायऱ्या सोडून काढतो. तुम्ही पाण्याला हात लावून या, मग सांगा.”

आम्ही त्या गावात पोचलो ती भर दुपार होती. नव्या सँडलने माझी टाच सोलली होती. मिलिंद फोन उंच धरून कुठेतरी गायब झालेला. वरच्या चौकातून समुद्र असा समोर पसरलेला दिसत होता, निळाशार, की खाली जायची गरजच वाटेना. खाली जाणारी फरसबंद वाट एका कमानीतून वळत होती. वळणापलीकडे काय आहे ते बघायला मला फार तर वीस पावलं टाकावी लागली असती. मी टाकली नाहीत. कट्ट्यावर बसून आइस्क्रीम खाल्लं, आणि तेही दोन.

परत आल्यावर काकांकडे चहाला गेलो. त्यांनी टिपणवही उघडली, पेनचं टोपण काढलं. आता काय सांगायचं? ‘गेले नाही’ एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात. इतके दिवस त्यांनी आमच्यासाठी घालवलेले, आणि मी दोन आइस्क्रीम खाऊन आलेली. कमानीपर्यंतची बिनपायऱ्यांची वाट दिसली होती तेवढ्या भांडवलावर मी ठोकून दिलं, “तीनशे चाळीस पावलं. उतार अगदी सौम्य.”

“पायऱ्या?”

“एकही नाही.”

चहा गाळता गाळता काकूंचे हात थांबले. “एकही नाही?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही,” मी पुन्हा म्हणाले, आणि चकली उचलली. काकांनी शाईने लिहून घेतलं. पुढे माझं नाव.

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी काका पेढे घेऊन वर आले. चार मजल्यांच्या इमारतीत ते कधी पहिल्या मजल्यापर्यंतसुद्धा आलेले नव्हते. “निघालो आम्ही,” म्हणाले. “हिला घेऊन. इटली.” आणि काखेतली टिपणवही माझ्यापुढे उघडली. मी पानं उलटत गेले. पंधरा वर्षांची उत्तरं होती. फलाट आणि गाडी यांत किती अंतर, हॉटेलच्या लिफ्टचं दार किती रुंद, दगडी रस्त्यावर फटी केवढ्या, मोरीचा उंबरा किती. कुणाच्या सहलीसाठी म्हणून विचारलं असेल ते असेल, लिहिलं होतं एका चाकांच्या खुर्चीसाठी. समोर खिडकीत ती खुर्ची मी रोज बघत होते. इमारतीतला एकेक जण बघत होता. आणि आम्ही जिन्यात खात्याच्या खोडीवर हसत होतो. शेवटच्या पानावर माझी ओळ होती. तिच्याखाली काकांनी लिहिलं होतं, ‘जाण्यास हरकत नाही.’

“तुझ्यामुळे जुळलं बघ,” काका म्हणाले. मी हातातला पेढा तसाच खाली ठेवला.

मिलिंदला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. “जा आणि सांगून टाक. आत्ताच्या आत्ता.” मला आत्ताच्या आत्ता जमलं नाही. लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. दोन दिवसांनी, काका ठाण्याला कागदपत्रांसाठी गेलेले बघून मी खाली गेले आणि काकूंपुढे रडत सगळं ओकले. मी खाली गेलेच नव्हते, मी काही मोजलं नाही, तिथे काय आहे मला माहीत नाही.

काकूंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “मला त्याच दिवशी कळलं.”

“कसं?” मी डोळे पुसत विचारलं.

“मोजून आलेलं माणूस आधी पाय दुखल्याचं सांगतं. तू आकडा आधी सांगितलास. आणि कड्यावरचं गाव गं ते. आमच्या पाखाडीला काय पायऱ्या नव्हत्या?”

“मग तुम्ही गप्प का बसलात?”

“तू ‘एकही नाही’ म्हणालीस आणि यांचा चेहरा मी बघितला. पंधरा वर्षं हा माणूस नुसता मोजतोय. पासपोर्ट एकदा कोरेच बाद झाले आमचे. आता सांगितलंस तर पुन्हा दोन वर्षं मोजत बसतील, आणि मला तेवढी वर्षं आहेत की नाहीत कुणास ठाऊक.” त्यांनी माझा हात धरला. “मी वरून बघेन समुद्र. तोंड उघडायचं नाही तू.”

त्यांना विमानतळावर सोडायला आम्ही गेलो. काकांनी गळ्यात शिट्टी अडकवली होती, गर्दीत खुर्चीला वाट करायला. ते दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. कमानीपलीकडे काय आहे हे मी आता मोबाईलवर शोधून काढलं होतं.

परत आले त्या संध्याकाळी बोलावणं आलं. काका टेबलाशी बसलेले, काकू खिडकीशी. काकूंचा चेहरा उन्हाने रापलेला आणि इतका तरतरीत की मला ओळखू येईना. काकांनी टिपणवही माझ्याकडे फिरवली. माझ्या ओळीवर तांबड्या शाईची एक सरळ रेघ होती. खाली त्यांच्या अक्षरात, ‘पायऱ्या दोनशे सत्तर. स्वतः मोजल्या.’

“तुला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“नंतर, काका. मी गेलेच नव्हते खाली.”

“हिला?”

“मला आधीपासून,” काकू म्हणाल्या.

काका आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. आयुष्यभर ज्याच्या टिपणावर कुणी बोट ठेवलं नाही त्या माणसाला दोन बायकांनी घरच्या टेबलावर फसवलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत.

“वरून चौकातून बघितला हिने,” ते म्हणाले. “मी चल म्हटलं, चार माणसं बोलावतो. नाही म्हणाली. मग मी एकटा उतरलो. बाटली भरून वर आणली आणि हिच्या पायांवर ओतली.”

“गार होतं,” काकू म्हणाल्या. “चालत नसले तरी पायांना कळतं ते. मग बोट लावून चाखलं मी. खारट पण होतं.”

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हा माणूस माझ्या एका थापेपायी दोनशे सत्तर पायऱ्या उतरला होता आणि भरलेली बाटली घेऊन तितक्याच चढला होता. मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी हातात पेन दिलं. “चुकीची मोजणी खोडून टाकायची नसते. रेघ मारायची आणि ज्याची चूक त्याने शेजारी सही करायची. कर.” मी केली. मग त्यांनी वही काकूंपुढे धरली. “पंच म्हणून तू पण.” काकूंनीही केली, हसत हसत.

गेल्या थंडीत काका गेले. झोपेतच. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन शहाडला नदीवर त्यांच्या पुतण्याबरोबर मीही गेले. काकूंना न्यायचं म्हणून सगळे तयार होते, चार जण खुर्ची उचलायलाही पुढे आले. “घाटाला पायऱ्या असतील,” एवढंच काकू म्हणाल्या आणि खिडकीशी थांबल्या.

परत आल्यावर मी आधी त्यांच्याकडे गेले. सगळं नीट झालं ना, असं त्या विचारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही. टिपणवही मांडीवर उघडी होती.

“किती?”

“पाय भरून आलेत हो,” मी म्हणाले. “एकवीस. खालच्या दोन शेवाळलेल्या. उतरताना मोजल्या, चढताना परत मोजल्या. पाण्याला हात लावून आले.”

काकूंनी शाईने लिहून घेतलं, पुढे माझं नाव घातलं आणि वही माझ्याकडे फिरवली. मी सही केली.