नेहेमियाचा हैफातला खोळंबा

नेहेमिया पेझारकर हैफाच्या स्टेशनवर उतरला तेव्हा नहारियाची गाडी नुकतीच निघून गेली होती. लोदहून येताना वाटेत इंजिन बसलं, आणि ते उठेपर्यंत डब्यातल्या माणसांनी इंजिनापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करून घेतला. पुढची गाडी संध्याकाळी आहे, असं फाटकावरच्या माणसाने सांगितलं. बसने जा, असा सल्लाही वर दिला. पण नेहेमियाला बस लागायची. तेव्हा अख्खा दिवस हैफात काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हैफा फार सुंदर, डोंगर आणि समुद्र, असं लोक सांगतात. सांगणारे स्टेशनच्या मागच्या अंगाला कधी बसले नसावेत. तिथून दिसायचा तो तेलाच्या कारखान्याचा धूर, पिठाची गोदामं आणि पत्र्याचे कारखाने. बाकावर हात टेकला की तळवा काळा. नेहेमियाला त्याचं काही वाटलं नाही. कोकणातल्या पेझारीहून मुंबईला आला तो थेट गिरणीत, आणि मुंबईहून इस्राएलला आला तो थेट दिमोनाच्या कापड कारखान्यात. देश बदलला, पण माग तोच आणि रात्रपाळीही तीच. परवाची रात्रपाळी करून तो निघाला होता, काल लोदला पुतणीकडे मुक्काम केला होता, आणि दोन्ही रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

झोप उडायला कारण होतं. त्याच्या मुलीचं, जेमायमाचं, लग्न ठरलं होतं. मुलगा रफाएल, मोरोक्कोच्या घराण्यातला, उत्तरेला नहारियापलीकडच्या एका लहानशा गावात ट्रक चालवणारा, शब्दाला पक्का. पण त्या गावच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लग्न लावायला हात आखडता घेतला. हे हिंदुस्थानातून आलेले बेने इस्राएल, आणि ज्यूपण उतरतं ते आईकडून; यांच्या आईची आई, तिची आई खरोखर ज्यू होती हे कशावरून? मुलीने धर्मात नव्याने येणारे घेतात तशी विधीची डुबकी घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटेल. बेने इस्राएल पुरते ज्यू आहेत असं सरकारने चार वर्षांपूर्वीच जाहीर केलं होतं. त्यासाठी यरुशलेमच्या रस्त्यावर भर उन्हात जे धरणं धरून बसले, त्यांच्यात नेहेमियाही होता. पण सरकार यरुशलेमला, आणि लग्न लावायला त्या गावचे रब्बी.

मागच्या खेपेला त्यांनी मुलीच्या आईचं घराणं विचारून झाल्यावर बापाचंही विचारलं, तेव्हा नेहेमियाने शाळेतल्या पोरासारखं घडाघडा सांगितलं होतं: आई मिल्का, तिची आई सिगुला, तिची आई हन्ना, सगळ्या कोकणातल्या, अष्टमी आणि पेझारी गावच्या. रब्बींनी ऐकून घेतलं आणि पुन्हा यायला सांगितलं. ते पुन्हा म्हणजे उद्या. मुलीच्या बापाने उद्या हो म्हणायचं, की डुबकी ठरली.

बायको शुलामित वैतागली होती. निघताना म्हणाली, "अहो, पाण्यात एक डुबकी मारली म्हणून पोरगी काय झिजणार आहे?"

"पोरगी नाही झिजणार," नेहेमिया म्हणाला. "माझी आई झिजेल."

म्हणाला खरा, पण लोद सोडता सोडता त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. भांडायची ताकद उरली नव्हती. हो म्हणायचं, लग्न लावायचं आणि घरी येऊन झोपायचं. आईची मनातल्या मनात माफी मागितली की झालं. आया काय, माफ करतातच.

दुपार कलली तसा रुळांपलीकडच्या वेल्डिंगच्या कारखान्यातून एक आडदांड माणूस चामड्याचा एप्रन सावरत धावत आला. येहुदा त्याचं नाव, मूळचा रुमानियाचा. आज त्याच्या आईची पुण्यतिथी. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. नऊच असले तर मुलाने तोंड मिटून बसायचं. येहुदाला धरून नऊ झाले होते, आणि दहाव्यासाठी त्याने अख्खा रस्ता पालथा घातला होता.

"काका, तुम्ही ज्यू ना?" त्याने हिब्रूत विचारलं.

"ते उद्या ठरणार आहे," नेहेमिया म्हणाला.

येहुदाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "उद्याचं उद्या बघू," तो म्हणाला. "आत्ता चला, माझी आई खोळंबली आहे."

नेहेमिया उठला. थकलेल्या माणसाला नाही म्हणायलाही जोर लागतो. कारखान्यात तेलकट हातांची माणसं टोप्या घालून उभी होती. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत अशी ज्यूंची रीत, म्हणून एका वडीलधाऱ्याने दहा शब्दांचं वचन म्हणत एकेक शब्द एकेकाच्या अंगावर टाकला. शेवटचा शब्द नेहेमियावर पडला आणि येहुदाने प्रार्थना सुरू केली. कोणी त्याला गाव विचारलं नाही की आजीचं नाव विचारलं नाही. येहुदाचा आवाज कद्दीशमध्ये फुटला. 'आमेन' म्हणताना नेहेमियाही रडला, आणि आपण कोणाच्या आईसाठी रडतोय हे त्याला कळेना.

नंतर केकचा तुकडा हातात देत येहुदाने विचारलं, उद्या काय ठरणार आहे? नेहेमियाने सगळं सांगितलं. येहुदाने एप्रनला हात पुसले.

"मला माझ्या आजीचं नाव ठाऊक नाही," तो म्हणाला. "इथे उतरलो तेव्हापासून कोणी विचारलंच नाही."

संध्याकाळची गाडी वेळेवर सुटली. नहारियाला रफाएल ट्रक घेऊन उभा होता. चावी फिरवण्याआधी त्याने होणाऱ्या सासऱ्याला बापाची हाक मारत भीत भीत विचारलं, "अबा, उद्या हो म्हणायचं ना?"

"नाही म्हणायचं."

रफाएल गोंधळला. सभागृह ठरलं होतं, त्याच्या आईने पाहुण्यांना निरोप धाडले होते. रब्बी हटूनच बसले तर, असं त्याने विचारलं. नेहेमियाने खिडकीला डोकं टेकलं. अंग ठणकत होतं आणि डोळे मिटत होते, पण आवाज शांत होता.

"मी ज्यू नसलो तर आज हैफात नऊच माणसं होती. मग रब्बींनी आधी तिथे जावं, आणि येहुदाला तोंडावर सांगावं की तुझ्या आईची कद्दीश झालीच नाही. ते सांगून आले, की मग माझ्या पोरीला डुबकी घ्यायला सांगावं."

रफाएलने चावी फिरवली आणि म्हणाला, उद्या मीही रब्बींपुढे आत येतो. ते ऐकायला नेहेमिया जागा नव्हता.