वाचण्यापुरता रूट

पंचनदराव विद्यापीठाच्या संगणक-कक्षाबाहेर चपला काढत, आत येत आणि आधी पडद्यावरची एकच ओळ बघत. मेनफ्रेम या मोठ्या संगणकाची मूळ फाइल सिस्टिम, म्हणजे रूट, फक्त वाचण्यापुरती जोडलेली आहे ना? असली, की मग कॉफी. यंत्राचे सगळे मूळ प्रोग्राम रूटमध्ये असत. बदल करायचा तर तो नकलेवर करायचा, नक्कल तपासायची आणि मगच ती रूटच्या जागी जोडायची, असा त्यांचा नेम. घाई करणाऱ्याला म्हणत, "बसलेल्या देवाला टाकी लावतोस काय? दुसरा दगड घे."

त्यांचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, बोलणं पिढीजात मराठी, पण देवनागरी येत नव्हती. मराठी ते तमिळ अक्षरांत लिहीत. रूटवर थेट लिहू नये, ही पडद्याशेजारी चिकटवलेली त्यांची सूचनाही तशीच होती. मी साताऱ्याहून नव्याने आलेलो, नोकरी अजून कायम व्हायची होती. मला त्या कागदावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

विद्यापीठाचे निकाल दुसऱ्या दिवशी लागायचे होते. आयातीची दारं उघडल्यावर आलेल्या नव्या छपाईयंत्रासाठी एक छोटा प्रोग्राम बसवायचा होता. कशाला नक्कल नि बिक्कल, म्हणून मी रूट थेट लिहिण्यासाठी जोडला. जुना प्रोग्राम पुसताना हात चुकला आणि आजूबाजूचे सगळे प्रोग्रामही गेले. कुणालाच यंत्रात शिरता येईना. मी धावत जाऊन पंचनदरावांना बोलावून आणलं.

पंचनदराव रागावले नाहीत. "रडून फाइल येतीय काय रे? सरक," म्हणाले. जपून ठेवलेली नक्कल त्यांनी रूटच्या जागी जोडली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. निकाल वेळेवर लागले.

विद्यापीठातल्या वरच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. माझी नोकरी गेल्यातच जमा होती. पंचनदराव तमिळमध्ये म्हणाले, "सूचना मी लिहिली, तीही ह्याला न वाचता येणाऱ्या अक्षरांत. चूक माझी आहे सार."

त्या वर्षी विभागप्रमुख होण्याची त्यांची पाळी होती. ती गेली, ती कायमची. मी मात्र कायम झालो.

आता ते नाहीत. त्यांच्या मोठेपणाचा हा किस्सा लोक मला सांगायला लावतात आणि मी सांगतोही. कागद मला वाचता येत नव्हता, हे खरंच आहे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी तो मला, ओळीओळीवर बोट ठेवून, मराठीत वाचून दाखवला होता. ते साहेबांपुढे हे बोलले नाहीत. मीही बोललो नाही.