पाण्याखालचा मोह

नातीने बनवलेला मोबाइलवरचा खेळ वेबसाइटने काढून टाकला आणि ती रडत बसली. त्यातलं गाणं आमच्या मालकीचं आहे, अशी कुठल्याशा कंपनीची तक्रार होती.

खेळात नर्मदेत बुडालेलं आमचं गाव होतं. होडी छपरांवरून हळू सरकायची आणि पाण्याखालून माझ्या आवाजात लग्नाचं गाणं वर यायचं. आमच्याकडे लग्नात प्रत्येक बाई गाण्याला आपली ओळ जोडते. कंपनीच्या गाण्यातही माझी ओळ होती, माझ्या दारच्या मोहाच्या झाडाची. कुणीतरी लग्नात टिपून नेली असणार.

"आजी, काय लिहू?"

"आधी नाक पूस. मग विचार, त्या मोहाची फुलं कंपनीने कधी वेचली?"

तिने तेच वेबसाइटला लिहिलं. दिलेल्या मुदतीत कंपनीने उत्तर दिलं नाही, म्हणून खेळ परत आला. होडी आता नातीने नव्याने काढलेल्या मोहाच्या शेंड्यावरून जाते. खाली हिरव्या पाण्यात एक घर दिसतं. तिथे मी राहत होते.