ओल्या रंगाचं दार

शेजारच्या काकूंना आमच्या गल्लीत सगळे दारवाल्या काकू म्हणतात. त्या कोर्टात टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्यावर बोटांना काम हवं म्हणून रस्त्याकडच्या दाराच्या मागे लागल्या. साबणाच्या पाण्याने पुसायचं, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं, बिजागऱ्यांना तेल सोडायचं, खालच्या फळीला ओल लागली का ते वाकून बघायचं. माझेही एवढे लाड झाले नाहीत, असं त्यांचा मुलगा म्हणतो.

तो तासाभराच्या अंतरावर राहतो. अलीकडे त्याने एकच धोशा लावला होता, एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल. काकू दाद देत नव्हत्या. शेवटी ठरलं की रविवारी तो येऊन घर बघेल, आणि सगळं ठाकठीक असेल तर पुन्हा विषय काढणार नाही. मी मनातून त्याच्याच बाजूची. वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या मुलीने फोन उचलला नाही तरी मला घाम फुटतो. इथे तर सत्तरी ओलांडलेली बाई स्टुलावर चढते.

मुलावर छाप पडावी म्हणून काकूंनी शनिवारी दार रंगवायला काढलं. रंग नीट बसावा म्हणून आतली-बाहेरची मूठ काढली, कडासुद्धा सोडल्या नाहीत. हिरवागार ऑइल पेंट, दिसायला देखणा. पण रात्री दार उघडं टाकून झोपायचं कसं? लावून घेतलं.

रविवारी सकाळी मला काकूंचा फोन आला. आवाज असा दबका, जणू मुलगा पलंगाखालीच बसलाय. कडी निघाली होती, पण दार चौकटीला चिकटलं होतं आणि आतून ओढायला मूठच नव्हती. घराला दुसरं दार नाही.

मी भाजीची सुरी घेऊन धावले आणि फटीत पातं फिरवत रंगाचा पापुद्रा कापू लागले. गॅस बंद आहे ना, चक्कर येत नाही ना, पाणी प्यायलात का, हेही चालू होतं. तोंड जरा कमी चालव आणि सुरी जास्त, असं आतून उत्तर आलं. वरची कड सुटली, बाजूची सुटत आली, कडीजवळ मात्र अडलं. तेवढ्यात मागे गाडी थांबली. मुलगा.

मी सुरी पाठीशी लपवली आणि काकू आंघोळीला गेल्यात म्हणून सांगितलं.

"खोटं कशाला बोलतेस गं?" काकू आतून म्हणाल्या. "अरे, मी अडकलेय. कडीजवळ खांदा लाव आणि ढकल."

त्याने ढकललं. दार सुटलं आणि तो थेट आईच्या पायाशी जाऊन पडला. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर हिरवा पट्टा.

"बघितलंस?" तो खाली बसूनच म्हणाला. "म्हणून म्हणतो, माझ्याकडे चल."

"अडकले, हे खरं. हाक मारली आणि ही सुरी घेऊन धावली. तुझ्याकडे कुणाला हाक मारू? तुम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर ऑफिसात."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याची बाजू घ्यायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. "मी घरीच असते रे," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्याने उसासा सोडला. स्टुलावर चढायचं काम यापुढे माझं, तू फक्त खालून सांगायचं, असं आईला बजावलं. मग शर्ट उतरवून बनियनवरच उंबरठ्यात बसला आणि कडेला साचलेला रंग खरवडू लागला. काकू खालून नाही, वरून सांगत होत्या.