नदीच्या मुखाशी पांढरे ठिपके

हुसेनभाईंचा सकाळपासूनचा हा तिसरा फोन. "मॅडम, मासा गेला कुठं, तेवढा सांगा."

मी आखातातल्या लुसैल शहरात, ऑफिसात बसून सॅटेलाइटच्या फोटोंवरून पाण्याची तब्येत सांगते. हुसेनभाई मूळचे रत्नागिरीचे. इथल्या अल मन्सूरा भागातल्या हॉटेलांना मासे पुरवतात. त्यांचा तिलापिया मासा आफ्रिकेतल्या एका तळ्यातून विमानाने येतो. तिथे ज्वालामुखी फुटला आणि तीन आठवडे होड्या रिकाम्या परतत होत्या. मासा आला नाही तर हॉटेलवाले दुसरीकडे जाणार होते. आणि तळ्यावरच्या कोळ्यांचं गिऱ्हाईक एकच, हुसेनभाई.

ते तळं मी वर्षभर रोज बघत आले होते. खिडकीबाहेर वाळू, स्क्रीनवर ते हिरवं पाणी. खरं सांगते, माझा त्याच्यावर जीव होता. आता ते ताकासारखं पांढुरकं झालं होतं. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, दगडाची बारीक पूड. ती माशांच्या कल्ल्यांत, म्हणजे श्वासाच्या जागी अडकते. पाण्यात ऊन उतरत नाही, शेवाळ मरतं, ऑक्सिजन घटतो. मासे गुदमरतात.

उत्तरेला मात्र एक नदी तळ्याला मिळते, राख न पडलेल्या डोंगरांतून आलेली. तिच्या मुखाशी हिरवा तुकडा शिल्लक होता आणि त्यावर पांढरे ठिपके. फेस असेल म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ठिपके काठावरच्या झाडांवर! फेस काही झाडावर चढत नाही. ते पक्षी होते, आणि एवढे पक्षी म्हणजे खाली मासे. वाचलेली सगळी मासळी तेवढ्याशा पाण्यात दाटीवाटीने श्वास घेत होती. मी चहा विसरून बघत राहिले. समुद्रापलीकडचा तो श्वास मला जणू ऐकू येत होता.

आमचे मॅनेजर सामी सर मागे येऊन उभे राहिले. "लोकेशन मिळालं? यल्ला, चल, क्लायंटला पाठव."

"सर, तिथे जाळी पडली तर एका दिवसात सगळं खलास."

"त्याने 'मासे कुठे' एवढंच विचारलंय. पकडावं का, ते नाही."

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून जास्त राग आला. मी फोन लावला.

"हुसेनभाई, मासे सापडले. पण आधी सांगा, तुमच्या वडिलांची होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर का असायची?"

"आता ता कशाला?"

"सांगा तर."

"नारळी पुनवेपर्यंत जाळा टाकूचा नाय. दर्याला उधाण, नि मासळीच्या पोटात गाभोळी..."

"त्या तळ्यात आता एवढीच मासळी उरलीय. पुढची गाभोळी, पुढची सगळी अंडी हिच्याच पोटी."

पलीकडे त्यांनी दुकानातल्या फ्रीझरचं झाकण आपटून लावल्याचा आवाज आला.

"लोकेशन द्या," ते म्हणाले. "कोळ्यांना सांगतो, तेवढा पाणी सोडा. त्यांच्याशी केलेला करार मी मोडत नाय. हॉटेलवाल्यांचा बघू, इन्शाल्ला."

दोन हॉटेलं गेलीच. कोळ्यांनी नदीचं मुख सोडलं. पाणी हळूहळू निवळत गेलं. तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये मासे कुठे आहेत ते लिहिते, आणि खाली ते तिथे का आहेत, तेही. क्लायंटने विचारलं नसलं तरी.

वर्षभराने ऑफिसात हुसेनभाईंचा डबा आला, त्या तळ्यातला तळलेला तिलापिया. सामी सरांनी एकट्याने संपवला. मी मासे खात नाही, हे हुसेनभाईंना मी अजून सांगितलेलं नाही.