पदकांवरचा मयत शेरा

“अगं बाई, मेलेला मानूस तुज्या टेबलावर असा हात आपटंल का? सांग की! आपटंल का?”

ओरडत होते ते माझे चुलते, आप्पा. माजी सैनिकांची अडलेली कामं बघायला पुण्याहून माणसं महिन्यातून एकदा भोरला येऊन बसतात, त्या खोलीत. आप्पा ऐंशीला टेकलेले, अंगात मूठभर हाडं, पण आवाज असा की बाहेर उभ्या एसटीच्या काचा थरथरल्या. माझा फुगवून सांगण्याचा लौकिक दोन तालुक्यांत आहे, तो मी नाकारत नाही. कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली, आणि थोडं फुगवल्याशिवाय अर्ज वर चढत नाही. पण काचा खरंच थरथरल्या.

टेबलामागची मुलगी घाबरून गेली होती. “आजोबा, मी नाही म्हणत. नोंद म्हणतेय.” तिनं स्क्रीन आमच्याकडं वळवली. “पेन्शनच्या नोंदीत तुम्ही जिवंत आहात. पण ही पदकांची नोंद बघा. दोन मंजूर झाली होती, एक लढाईचं, एक जखमेचं. तुम्ही निवृत्त झाल्यावर दोनदा घरच्या पत्त्यावर धाडली, दोनदा परत आली. शेरा आहे, ‘घेणार मयत’. म्हणून तुमच्या सेवेच्या कागदांवर ती चढलीच नाहीत.”

आप्पांचा हात टेबलावरच राहिला. मग माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाले, “बग. म्या म्हनत हुतो ना. कुटंतरी लिवलंय.”

आता, आप्पा मेलेले आहेत हे आमच्या गावाला नवीन नव्हतं. आमचं गाव विंझरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. तिथं पंगतीला माणसं मोजताना आप्पा मोजले जात नाहीत. कुणी मुद्दाम करत नाही. मोजणारा दरवेळी नवा असतो, पण पान एक कमीच पडतं, आणि मग सगळे हळूच आप्पांकडं बघतात.

त्याचं असं झालं. आप्पांच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा लढाई लागली आणि तार आली, जवान बेपत्ता. माझ्या वडिलांनी वर्षभर वाट पाहिली. मग भोरच्या गुरुजींना आणलं आणि नदीकाठी पळसाच्या देठांचा माणूस केला, ज्याचं शरीर मिळत नाही त्याचा करतात तसा. नारळाचं डोकं ठेवलं, वर आप्पांचा लग्नातला सदरा घातला आणि अग्नी दिला. मी तेव्हा पाळण्यात होतो, तरी मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं असंच सांगत असतो. नारळ फुटला त्याचा आवाज पाली गावापर्यंत गेला, राजगडावरची घुबडं भर दुपारी उडाली, वगैरे. काकीनं तिथंच दगडावर बांगड्या फोडल्या. एवढं मात्र सगळ्या गावानं पाहिलं.

सहा महिन्यांनी आप्पा चालत घरी आले.

खांद्यात गोळी घेऊन ते दूरच्या एका इस्पितळात पडले होते. किती महिने शुद्ध नव्हती. नाव विचारलं तर सांगता येत नव्हतं. एका दुपारी ते डोकं दोन्ही हातांनी धरून किंचाळले, “पेटलंय, पेटलंय!” आणि त्या किंचाळण्यानंच शुद्धीवर आले. पुढं वडिलांनी तिथी जुळवून बघितली. ती दुपार नदीकाठची दुपार होती. हे मी रचलेलं नाही. हे आप्पा सांगतात, आणि आप्पांना रचता येत नाही.

गुरुजी म्हणाले, क्रियाकर्म झालेला माणूस परत आला तर त्याचा नव्यानं जन्म करावा लागतो. बाळासारखं न्हाऊ घालायचं, बारसं करायचं आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. आप्पा भडकले. “म्या मेलोच न्हाई, तं जन्मू कशाला?” विधी राहिला तो राहिलाच. आप्पा पलटणीत गेले, नोकरी पुरी करून गावी आले आणि काकीबरोबर त्याच दोन खोल्यांत राहू लागले. मूलबाळ नाही.

काकी त्यांना पाव्हणं म्हणते. अगदी आदरानं. “पाव्हनं, पानी ठिवलंय.” “पाव्हनं, भाकरी घ्या, निवल.” पितृपक्षात ती आप्पांच्या नावानं पान वाढते आणि कौलांवर ठेवते. खाली ओसरीवर आप्पा जेवत असतात. दुसऱ्यांच्या पितरांना कावळ्यासाठी दुपारपर्यंत घसा फोडावा लागतो. आप्पांचा कावळा पान ठेवायच्या आधी येऊन बसलेला असतो. एका वर्षी मी समोर होतो. कावळ्यानं वरचा घास खाल्ला, खाली उतरला आणि आप्पांच्या ताटापासून हातभर अंतरावर बसून त्यांचं जेवण संपेपर्यंत त्यांच्याकडं बघत राहिला. आप्पांनी त्याला हाकललं नाही. ताकभात मात्र घाईघाईनं संपवला.

त्या दिवशी भोरहून जीपनं परत येताना कामथडीच्या पुढं मी विचारलं, “आप्पा, ह्या वयात पदकं कशाला? कुटं लावायचीत?”

“लावायची कशाला? तिला दावायचीत.” तिला म्हणजे काकीला. “म्या तिला लई येळा इचारलं, बाई, मला वळकत न्हाईस का? तं म्हनती, कागदानं गेलं, कागदानंच येऊ द्या. पेन्शनीचं बुक दावलं, तं म्हनती हे लढाईचं न्हाई. लढाईत गेलं, तं लढाईचाच कागद पायजे. यकदा, मरायच्या आत यकदा, तिनं मला अहो म्हनावं. मंग खुशाल मरतो.”

आता असं म्हटल्यावर मी काय साधा अर्ज लिहीन? मी चार पानं लिहिली. आप्पांनी गोफणीनं शत्रूचं विमान पाडलं. गोळी खांद्यात असताना सात जणांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली, त्यातला एक अंगानं दणकट होता. महिन्याभरात उत्तर आलं. अर्जात नमूद प्रसंगांची कोठेही नोंद नाही, कृपया खरी हकीकत कळवावी.

आप्पांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, “हे इमान कदी पाडलं रं म्या?”

मग मी आयुष्यात पहिल्यांदा खरा अर्ज लिहिला. एक पान. बेपत्ता झालो. घरच्यांनी पुतळा करून जाळला. मी परत आलो. पदके परत गेली. मी जिवंत आहे. लिहून झाल्यावर वाचून बघितला. विमानाची गोष्ट यापेक्षा जास्त खरी वाटत होती.

या वेळी उत्तराला एक झेरॉक्स जोडलेली होती. परत गेलेल्या पाकिटाची. त्यावर टपालवाल्यानं लिहिलं होतं, घेणार मयत, घरच्या माणसाने सांगितले. खाली घरच्या माणसाचा अंगठा.

अंगठा उभा दुभंगलेला होता, मधोमध पांढरी रेघ. गवत कापताना विळ्यानं फाटलेला तसा अंगठा आमच्या घरात एकच आहे. मी कागद उलटा करायला गेलो, पण आप्पांनी आधीच बघितला होता. त्यांनी बोट त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.

“तिला न्हाई सांगायचं,” ते म्हणाले. “पुडं चालव.”

पुढं चालवलं. हयातीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, खांद्यावरच्या जखमेसाठी डॉक्टरांचा कागद. डॉक्टरांनी आप्पांची नाडी बघितली, परत बघितली, मग दुसऱ्या हाताची बघितली आणि म्हणाले, “आहे, आहे.” हे मात्र मी थोडं फुगवलंय. दोनदाच बघितली.

पाकीट आलं ते भर दुपारी. काकी ओसरीवर नाचणी पाखडत होती. मोतीबिंदूनं तिचे डोळे दुधाळ झालेत, पण हात अजून चालतात. आप्पांनी नवा सदरा घातला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले, नवरदेव बसतो तसे. मी पाकीट फोडलं. रंगीत फितींची दोन पदकं निघाली, नाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि शिक्का मारलेला कागद. कागद मी मोठ्यानं वाचला. सदर सैनिक हयात असून पूर्वीचा मयत शेरा रद्द करण्यात येत आहे. लढाईत जखमी झाल्याबद्दलचे व लढाईत भाग घेतल्याबद्दलचे पदक सेवेच्या नोंदीत समाविष्ट करण्यात आले आहे.

सूप थांबलं.

“कुनी सांगितलं हुतं हे करायला?” काकी म्हणाली.

“तूच की,” आप्पा म्हणाले. “लढाईचा कागद आना म्हनलीस.”

“येनार न्हाई म्हून म्हनले!” सूप खाली आपटलं, नाचणी आप्पांच्या मांडीपर्यंत सांडली. एवढ्या वर्षांत मी त्या बाईचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. “दोनदा पोष्टमन आला, दोनदा म्या माघारी लावला. ज्याला यकदा जाळलंय त्याला कोन हुडकत येत न्हाई. वरच्या वहीत नाव खोडलंया, ते खोडलेलंच ऱ्हाऊ द्यायचं. तुमच्या बराबरीचं ह्या गावात कोन ऱ्हायलं, सांगा! पार वरच्या आळीपासनं मोजा!”

आप्पा मोजायला लागले. मीसुद्धा मनातल्या मनात मोजलं. वरच्या आळीपासून नदीपर्यंत, त्यांच्या वयाचा एक पुरुष नव्हता. त्यांच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान होते तेही गेले होते.

“तुमच्या पायाला नाग डसला, तं सकाळी उटून बांधावर गेला. जीप खड्ड्यात गेली, तीन मानसं गेली, तुमच्या टोपीला माती लागली न्हाई. तुमाला काय वाटलं, तुमी लई बळकट? म्या पान वाडते, म्या कपाळ पांढरं ठिवते, म्या पाव्हनं म्हनते, म्हून वरच्याला खरं वाटतं. अहो, मरान तुमाला इसरलं हुतं! तुमी अर्ज करून आटवन दिली!”

काकी हातानं चाचपत सांडलेली नाचणी गोळा करायला लागली, एकेक दाणा. आप्पांच्या मांडीवरचेही दाणे तिनं वेचले. आप्पांनी अंग हलवलं नाही. पदकं दोघांच्या मधे जमिनीवर पडली होती.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. “आप्पा,” मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, “अजून येळ गेली न्हाई. उलटा अर्ज टाकतो. चुकून झालं म्हनतो, शेरा व्हता तसा ठिवा म्हनतो. असा लिवतो की वाचनारा रडंल.”

“नको,” आप्पा म्हणाले. “अहो म्हनली ती.”